नाकाला कळेल तेवढंच

बाई, मी हल्ली रविवारी दुपारी वाइन पिते. चोरूनमारून नव्हे, उघड, नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर, गोखिवऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तीन ग्लास मांडून. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "तीन कशाला? एकाने भागत नाही?" भागतं हो. पण ही हौस निराळी आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही नाशिकला गेलो होतो, तिथल्या एका द्राक्षबागेत वाइन चाखायला देतात. ओतून देणारा माणूस म्हणाला, ह्या शिराझमध्ये बघा मिरीचा वास येतो का. बाकीचे पर्यटक ग्लास फिरवत एकमेकांची तोंडं बघत होते. मी म्हटलं, मिरी आहे, पण अख्खी नाही, नुकती कुटलेली, आणि मागून थोडी ओली माती. तो माणूस हातातली बाटली खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. नवऱ्याने तर परतीच्या वाटेवर भेटेल त्याला सांगितलं की आमच्या हिचं नाक म्हणजे नाक आहे. त्या नाकाला धार कुणी लावली हे त्याला ठाऊक नाही. मी तुमच्याबद्दल घरी कधी फार बोलले नाही, आणि त्याला कारण आहे.

तेव्हापासून आमचे रविवार असे जातात. मी कुठे शिकायला गेले नाही, परीक्षा दिली नाही. दुकानात जायचं, नवीन तांबडी बाटली दिसली की आणायची, आपल्या उकाड्यात ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघायचा. मर्लो मऊ, जांभूळ खाल्ल्यासारखी. कॅबर्नेट अंगाने तुरट, कच्ची सुपारी चघळल्यावर हिरड्या आवळतात तशा आवळते. झिनफंडेलमध्ये शिजलेल्या मुरंब्याचा गोडवा. एकदा हौसेने सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर कॅबर्नेट घेतली, तर तोंडात खिळा धरल्यासारखी चव आली आणि मुलगी दोन दिवस हसत होती. नवऱ्याला त्यातलं काही कळत नाही. तो प्रत्येक ग्लासानंतर तेच म्हणतो, "मला बुवा सगळ्या सारख्याच लागतात." मग मी म्हणायचं, गाढवाला गुळाची चव काय, आणि मुलीने टाळी द्यायची. साधी सुखाची गोष्ट होती ती. मार्चपासून तिच्यात काहीतरी शिरलंय.

आधी मिरी गेली. शिराझ नाकाशी धरली आणि मिरी नव्हती. मला वाटलं बाटली खराब असेल. मग जांभूळ गेलं. मग एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं आणि मी तिथेच, ओट्यापासून हातभर लांब, वर्तमानपत्र वाचत उभी. नवरा आतल्या खोलीतून धावत आला. "अगं, घरभर वास सुटलाय!" मी म्हटलं, सर्दी झालीय. सर्दी नव्हती. पुढच्या महिन्यात गॅसचं बटण अर्धवट राहिलं होतं, तेही त्यानेच येऊन बंद केलं. त्या दिवशी तो नुसत्या खिडक्या उघडत गेला. तेव्हा मला ह्या नाकावरून तुमची पहिल्यांदा आठवण झाली, आणि बाई, खरं सांगते, ती मायेची आठवण नव्हती. मी जाऊन गॅसचं बटण पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

तुमचं वसईजवळच्या नंदाखाल गावातलं स्वयंपाकघर मला आजही डोळे मिटून फिरता येईल. मी तेविसाची, शाळेत नवीन लागलेली, खाडीकडच्या भातशेती करणाऱ्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. तुम्ही निवृत्तीला आलेल्या, शाळेतल्या सगळ्या मराठी शिक्षकांच्या गुरू. शाळा सुटल्यावर पाठाचं टाचण तपासून घ्यायला मी तुमच्याकडे यायचे आणि फेब्रुवारी संपता संपता काळी द्राक्षं आली की टाचण बाजूला राहायचं. द्राक्षं धुऊन जुन्या लुगड्यावर वाळत घातलेली. हाताने चुरायची, साखर, उकळून निववलेलं पाणी, मूठभर गहू, यीस्ट, आणि सगळं त्या पोटाळ्या चिनीमातीच्या बरणीत. एकवीस दिवस, दिवसातून एकदाच, लाकडी डावाने ढवळायचं. डावाला पाण्याचा थेंब चालत नसे. माझी आई घरी कुरकुर करायची, "त्या बाईच्या घरी काय पन खा, पन ती द्राक्षाची दारू पिऊ नको. रस्त्यानं कोन कोन बघतो." मी प्यायचे नाही. तुम्ही मला हुंगायला लावायचात.

"डोळे मीट. काय येतंय?" पाचव्या दिवशी मी म्हणायचे, पावाच्या पिठाचा वास येतोय. दहाव्या दिवशी, वेलची केळं जास्त पिकल्यावर येतो तो. "बरोबर. उगाच गुलाबबिलाब म्हणू नकोस. नाकाला कळेल तेवढंच बोलायचं." शेजारी तपकिरी बरणी असायची, सिरक्याची म्हणजे व्हिनेगरची. तीही आदल्या वर्षीच्याच वाइनची, मुद्दाम वाऱ्याला उघडी ठेवून आंबवलेली, इंद्यालाच्या, त्या आंबट-तिखट मटणाच्या, मसाल्यासाठी. एकाच आईची दोन लेकरं, म्हणायचात तुम्ही, एक देवळात, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, जातं आणि एक स्वयंपाकघरात राबतं. दोन्ही बरण्यांवर सारखंच पांढरं फडकं बांधलेलं. मी विचारलं होतं, चुकत नाही का कधी? तुम्ही हसलात. "सिरका नाकात वर चढतो, वाइन घशात खाली उतरते. नाक असलेला माणूस चुकेल कसा?"

आता ते सांगते ज्याबद्दल मी घरी बोलत नाही. त्या वर्षी नाताळच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही माझा पाठ बघायला वर्गात मागे बसला होतात. धडा हिमालयातल्या प्रवासाचा. मी गाईडमधलं वाक्य पाठ करून ठणकावून म्हटलं, तिथे देवदाराचा सुगंध दरवळत असतो. आणि तुम्ही साठ पोरांमागून उभ्या राहून विचारलंत, "मॅडम, तुम्ही देवदाराचा वास घेतलाय का?" मी म्हटलं, नाही. "मग कसा असतो तो?" मी हातातल्या पुस्तकात बघितलं. "ठाऊक नसेल तर मुलांना सांगू नये. ते खोटं बोलणं झालं." पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवशी मैदानावर मला देवदार मॅडम हे नाव पडलं होतं आणि ते पुढे नऊ वर्षं, ती शाळा सोडेपर्यंत चिकटून राहिलं. तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण बाई, स्टाफरूममध्ये बोलवून बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मी घरी जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर मनात अढी धरून बसले. तुम्हाला कधीतरी चारचौघांत असंच उभं राहावं लागावं, असं मी तेव्हा मनातल्या मनात मागितलं.

नाताळच्या दुपारी तुम्ही मला तरीही बोलावलंत, जसं काही झालंच नव्हतं. मी आले, कारण न येणं आपल्या शाळेत लगेच दिसलं असतं. ओटीवर फादर, मुख्याध्यापक, दोन शिक्षिका. फुगे, ते आंबवलेल्या मैद्याचे गोळे, तळून झालेले, इंद्यालाचं पातेलं चुलीवरून उतरलेलं, तुमच्या पुतण्याची बायको ताटल्या मांडत होती. रीत अशी की नवी वाइन पहिल्यांदा फादर चाखणार, एखादा शब्द बोलणार, मग बाकीचे पिणार. तुम्ही आत बरणीचं फडकं सोडलंत, काचेचा जग भरलात आणि माझ्या हातात दिलात. "ने बाहेर. सांडू नकोस." मी जग घेतला आणि त्याच क्षणी माझ्या नाकात ते वर चढलं. सिरका. तुम्ही तपकिरी बरणी उघडली होती.

स्वयंपाकघरापासून ओटीपर्यंत दहा-बारा पावलं. तुम्ही माझ्या मागे होतात. वळून, हळू आवाजात, "बाई, बरणी चुकली," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी ती पावलं आजवर कितीदा चालले असेन त्याला सुमार नाही. मी जग नेऊन टेबलावर ठेवला. फादरांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा क्षणभर थांबला आणि मग ते म्हणाले, "वा, छान," आणि ग्लास अलगद खाली ठेवून त्यांनी फुग्याचा तुकडा तोंडात टाकला. मुख्याध्यापकांनी ओठ लावले, खोकला आला तो रुमालात लपवला. मी सगळ्यांकडे बघत होते. कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल की बाई, हे काय दिलंत, आणि तुम्ही लाल व्हाल, ह्याची मी वाट बघत होते. कुणी हसलं नाही. पुतण्याची बायको मान खाली घालून ताटलीतला कण पुसत राहिली. आणि तुम्ही तुमचा ग्लास उचललात, सावकाश, सगळा संपवलात, आणि पदराने ओठ टिपून म्हणालात, "यंदा अगदी मनासारखी उतरली." तेव्हा माझा राग कुठच्या कुठे गेला आणि त्याच्या जागी भीती आली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जानेवारीत तुम्ही एकाच वर्गाला एकच कविता लागोपाठ तीन दिवस शिकवलीत, आणि तिसऱ्या दिवशीही पोरं गप्प बसली. मग एकदा घरी जायला निघालात आणि संध्याकाळी भुईगावच्या किनाऱ्यावर सापडलात, चपला हातात घेऊन. निवृत्तीचा समारंभ कसाबसा उरकला. पुतण्याची बायको मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "नाक आधीच गेलं होतं त्यांचं. भात करपून कोळसा झाला तरी कळायचं नाही. आम्ही म्हटलं वय झालं. बोलणार कोण त्यांना?" मी त्यानंतर एकदाच तुमच्या घरी आले. तुम्ही पायरीवर बसला होतात. मला विचारलंत, "तुम्ही कुणाच्या?" मी सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि पुन्हा विचारलंत. मी पुन्हा आले नाही. चार वर्षांनी तुमच्या मयताला आले, मागे उभी राहिले, आणि कुणी काही बोलायच्या आत निघाले.

नाकाचा डॉक्टर वसईतलाच, तरुण आणि सभ्य. एप्रिलमध्ये मी एकटीच त्याच्याकडे गेले. त्याने नाकात नळी घालून सगळं बघितलं. आत काही नाही म्हणाला, नाक स्वच्छ आहे. मग खुर्ची थोडी पुढे ओढून त्याने विचारलं, "मॅडम, हल्ली काही विसरायला होतं का? शब्द सापडत नाहीत असं?" मी म्हटलं, वर्गात पंचेचाळीस मुलांची नावं घेते मी, हजेरीपटाशिवाय. तो हसला आणि त्याने दुसऱ्या एका डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली, मेंदूच्या. "घाबरू नका, शंभर कारणं असतात. एकदा तपासून घेतलं की बरं." ती चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. एप्रिल गेला, जून गेला, शाळा सुरू होऊन सहामाही झाली. मी अजून गेलेले नाही. जोवर जात नाही तोवर मी नुसती नाक बंद असलेली बाई आहे.

रविवार मात्र मी सोडले नाहीत, आणि इथे तुम्हाला माझी लाज वाटेल. बाटलीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं ना, कुठले वास, कुठल्या चवी, ते मी शनिवारी पाठ करून ठेवायला लागले. काळी मनुका, तंबाखू, लवंग. एका कॅबर्नेटवर तर देवदार लिहिलं होतं, आणि मी ग्लास फिरवून, डोळे मिटून, नवऱ्याला म्हटलं, "देवदार येतोय मागून." तो म्हणाला, "काय नाक आहे गं तुझं." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण तुरटपण, आंबटपण हे तर जिभेला कळतं, नाकाशिवायही कळतं. हे मला ह्या वर्षातच समजलं, आणि समजल्यावर त्या नाताळचा अर्थ बदलला. नुसतं नाक गेलेल्या माणसाला सिरक्याचा आंबटपणा लागतोच, घसा जाळत जातो. तुम्ही तो ग्लासभर प्यायलात. म्हणजे त्या दुपारी तुमच्या नाकामागचंही काहीतरी गेलेलं होतं. मी मनाची समजूत घालत होते की माझी जीभ शाबूत आहे, म्हणजे माझं तुमच्यासारखं नाही.

ह्या रविवारी मुलगी म्हणाली, "आई, आज मी ओतते. तू बस." चोवीस वर्षांची आहे ती, रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाते. आतून तीन ग्लास भरून घेऊन आली आणि नेहमीसारखं ओळखायला न लावता तिने नावंच सांगून टाकली. "पहिली मर्लो, दुसरी शिराझ, तिसरी कॅबर्नेट. आज फक्त फरक सांग." मला बरंच वाटलं. मी पहिल्या ग्लासाबद्दल जांभूळ सांगितलं, मऊपणा सांगितला. दुसऱ्यात मिरी आणि ओली माती. तिसऱ्याबद्दल बोलताना तर मला रंगच चढला. हिरड्या कशा आवळतात बघा, म्हटलं, हिला मटणच हवं, ही एकटी पिण्यातली नव्हे. नवऱ्याने तिन्ही घोट घेतले आणि म्हणाला, "मला बुवा तिन्ही सारख्याच लागल्या. आज तर अगदीच सारख्या." मी म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. मुलीने टाळी दिली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

जेवणं झाल्यावर मी बाटल्या आवरायला गेले. ओट्यावर तीन होत्या. मर्लो जवळजवळ रिकामी. शिराझच्या झाकणाखालची सीलची कडी मोडलेलीच नव्हती. कॅबर्नेटचीही नाही. दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. मी त्या उचलून खिडकीच्या उजेडात धरून बघितल्या, बाहेर नवऱ्याने टीव्हीवर मॅच लावलेली ऐकू येत होती. एकच वाइन मी तीनदा प्यायले होते. वास नाही, हे ठीक. पण तिन्हीत तुरटपण सारखं होतं, आंबटपण सारखं होतं, ते जिभेने सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही, की सांगितलं आणि मला ऐकू आलं नाही? मी बाटल्या तांदळाच्या डब्यामागे जागच्या जागी ठेवल्या आणि ग्लास धुऊन टाकले. सोमवार गेला, मंगळवार गेला. मुलगी मला डबा भरताना बघायची, किल्ली शोधताना बघायची, आणि मी बघितलं की नजर वळवायची. असं बघणं मला चांगलं ओळखता येतं. मी स्वतः तसं बघत तुमच्या ओटीवर उभी होते.

फरक एवढाच की ती माझ्यापेक्षा बरी निघाली. आज संध्याकाळी ऑफिसमधून आली ती सरळ स्वयंपाकघरात, खांद्यावरची बॅगसुद्धा न काढता. मी भेंडी चिरत होते. "आई, एक सांगू? चिडणार नाहीस ना?" म्हटलं, सांग. "रविवारी तिन्ही ग्लासांत मर्लोच होती. मीच मुद्दाम... म्हणजे मला चेक करायचं होतं. दूध करपतं, गॅस राहतो, बाबा पण काही बोलत नाहीत. तू म्हणशील असं वाटलं होतं, की काय गं, वेडी समजतेस का मला. पण तू..." तिचा आवाज फुटला. बाई, खरं सांगायची संधी माझ्यापाशी चालून आली होती. पर्स तिथेच खुंटीला होती, हात लांब केला असता तर चिठ्ठी हातात आली असती.

मी हसले. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हटलं, "मला काय कळलं नव्हतं होय गं? पहिल्या घोटालाच कळलं. तू एवढं नाटक रचलंस, म्हटलं आपणही थोडं करावं."

ती बॅग खाली टाकून माझ्या गळ्यात पडली. "आई, तू पण ना! किती घाबरले होते मी माहितीये? तीन दिवस झोप नाही मला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती डोळे पुसत, हसत बाहेर गेली आणि बापाला सांगायला लागली की आईने आपल्यालाच कसं उल्लू बनवलं. तोही हसला, जरा जास्तच मोठ्याने. त्यांची जेवणं होईपर्यंत हे घर कितीतरी महिन्यांनी हलकं वाटत होतं.

हे पत्र टाकायचं कुठे? तुमच्या घराच्या जागी आता पुतण्याने इमारत बांधलीय, आणि तुम्ही तर शेवटी स्वतःचं नावही वाचू शकत नव्हतात. फाडून टाकीन सकाळी. पण वर्गात एकदा खोटं बोलले तेव्हा तुम्ही मागून उभ्या राहिला होतात, तसं आज कुणी उभं राहिलं नाही, म्हणून तुम्हालाच सांगून ठेवते. मला कळलं नव्हतं, बाई. काहीच कळलं नव्हतं.